पत्र्याची आय

पुणे
१९ नोव्हेंबर १९९१

ती. भीमदादास,
शुभांगीचा सविनय जयभीम. वि. वि.

सुट्टी संपवून होस्टेलवर सुखरूप पोचले. मावशीनं बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू माझ्या वाट्याला दोनच आले. बाकीचे खोलीतल्या मुलींनी फस्त केले आणि पाथर्डीच्या राजेश्वरीनं रिकामा डबा तेवढा घासून ठेवला, हे तिचे उपकार.

आता खरी बातमी. तुझा लाडका पत्र्या, तो इंग्रजी पिक्चरमधला यंत्रमानव, मी मोठ्या पडद्यावर पाहिला! तिसरा भाग चोवीस जानेवारीला लागणार म्हणून कॅम्पातल्या थिएटरनं पहिले दोन भाग पुन्हा लावलेत. दादा, सोनईच्या व्हिडिओ सेंटरात आसारामभाऊ टीव्हीचा आवाज बारीक करणार, तू छडी घेऊन शेजारी उभा राहणार आणि इंग्रजी पिक्चरची गोष्ट मराठीत सांगणार, एवढंच मला आजवर माहीत होतं. तूच सांगितलेला पत्र्या मला पाठ आहे. इथं पहिल्यांदा त्यातलं बोलणं नीट ऐकलं आणि थक्क झाले.

पत्र्या आकाशातून पडतो तो घोडेगावच्या बाजारामागं नाही. तो उसाचा फडही नाही, मक्याचं रान आहे. ज्या टकल्याला तू कारखान्याचा चेअरमन म्हणतोस, तो लष्करातला सेनापती आहे. इथवर मी तुला माफ केलं. पण शेवट? पत्र्या पडलेला असतो, छातीतला दिवा विझत आलेला असतो आणि तो म्हणतो, आय... आय... त्या वेळी तुझा आवाज कापरा होतो, तू सांगतोस की बिनाआईचं ते यंत्र आता आईला हाका मारतंय, आणि सगळं सेंटर पदर आणि बाह्या ओल्या करतं. अरे दादा, तो इंग्रजी बोलतोय! इंग्रजीत आय म्हणजे मी. पिक्चरभर तो स्वतःला 'हे यंत्र' म्हणतो. 'हे यंत्र चालेल, हे यंत्र थांबेल.' शेवटी पहिल्यांदा त्याच्या तोंडी 'मी' येतं, म्हणजे त्याला मन फुटलं. मला एवढं हसू आलं की मागच्या रांगेतून शुक शुक झालं.

तिसरा भाग सोनईत यायच्या आत गावाला खरं सांगून टाक. नाहीतर त्यात पत्र्याची आई कुठून पैदा करणार आहेस?

मावशी दिव्याभोवती कडं दिसतं म्हणत होती, ते वाढलं का, ते कळव. कळावे. हसले म्हणून लोभ कमी करू नये.

तुझी
शुभांगी


सोनई
१ डिसेंबर १९९१

चि. शुभांगीस,
भीमराजचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं, मग आसारामला वाचून दाखवलं तर तो हसला म्हणून पुन्हा राग आला. मोटार रिवाइंडिंगचं काम टाकून लगेच उत्तर लिहायला बसलोय, यावरून काय ते समज.

माझं इंग्रजी दहावीला दोनदा गेलेलं आहे, ते तुला नव्यानं सांगायला नको. मी डोळ्यांना दिसतं ते सांगतो. आता तूच विचार कर. एवढा खर्च करून पिक्चर काढायचा, गडी मरायला टेकवायचा आणि त्यानं म्हणायचं काय, तर मी मी? मरताना कुणी मी मी करतं का? बाजारात वासरू ताटातूट झाल्यावर हंबरतं ते कुणासाठी? त्या लोकांना असंच म्हणायचं असेल तर त्यांची गोष्ट त्यांनी ठेवावी, आमची बरी आहे.

आणि तुझ्या लाडक्या पिक्चरमधल्या त्या जांभळीबद्दल बोलू का? टेलिफोन ऑफिसातली बाई, वीज अंगावर पडते काय, जांभळा झगा घालून उडते काय. पहिला भाग झकास, मान्य. पण दुसऱ्यात तिची शक्ती जाते, तिसऱ्यात येते, चौथ्यात परत जाते. आपल्या गावची लाइट परवडली. वर तो झगा कधी मळत नाही; बाया मला विचारतात, धुतं कोण? पत्र्याचं तसं नाही. त्याला शक्ती पहिल्यापासून आहे, नाही ते माणूसपण. म्हणून पुढचा भाग बघावासा वाटतो.

हसू नकोस, पण पत्र्या लागला की मावशी एकही खेळ चुकवत नाही. आपली आय गेल्यावर तिची ही धाकटी बहीण आबांनी लग्न करून घरात आणली. मावशी म्हणून आली, मावशीच राहिली. आय म्हणजे भिंतीवरच्या फोटोतली. मावशीला स्वतःचं लेकरू झालं नाही आणि आता आबाही नाहीत. पत्र्या आय म्हणून ओरडला की ती पदर तोंडाला लावते. तिच्यासमोर मी छडी आपटून सांगू का, की बाई गं, तो आपला मी मी करतोय?

पण आता ती पत्र्या बघत नाही, ऐकतेच म्हण. पार पुढं बसते आणि शेजारच्या छबूबाईला विचारत राहते, दिवा लागला का, विझला का. परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मोतीबिंदू पिकलाय. श्रीरामपूरला जानेवारीत फुकट आय कॅम्प आहे, ऑपरेशनसकट. आरोग्य केंद्रातल्या बाई नळावर नावं घ्यायला आल्या होत्या. छबूबाईनं दिलं, पलीकडच्या दगडाबाईनं दिलं, आपली हंडा घेऊन घरी आली. मी विचारलं, आय कॅम्पला नाव का दिलं नाहीस, तर म्हणाली, त्यात माझं काय काम, आणि भाकरी थापत बसली. मला वाटतं सुरीला घाबरली. नावं महिनाअखेरपर्यंतच घेणार आहेत. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकेल. दोन शब्द लिही.

बाकी क्षेम. माझ्या लग्नाचं विचारू नये. लोभ आहे तो वाढवावा.

तुझा
भीमराज


पुणे
९ डिसेंबर १९९१

ती. भीमदादास,
सविनय जयभीम. वि. वि.

वासराचं मी दोनदा वाचलं. राजेश्वरीला सांगितलं तर ती म्हणाली की तुझ्या भावाचा पिक्चर जास्त चांगला आहे. तरी आय म्हणजे मीच, यात मी मागं हटणार नाही. आणि जांभळीची शक्ती जाते म्हणूनच ती मला आवडते. शक्ती नसतानाही ती माणसं वाचवायला धावते, तो दुसरा भाग तू नीट पाहिलेलाच नाहीस. तुम्हां पुरुषांना झगाच दिसतो.

पण मावशीचं मनाला लागून राहिलं. दादा, ती घाबरण्यातली नाही. चुलीमागं निघालेली घोणस तिनं उलथन्यानं मारली होती आणि त्यानंतर तेच उलथनं घासून मला घावन करून दिलं होतं. ती सुरीला भिते हे मला पटत नाही. कारण दुसरंच काही असणार. तिला विचारशील तर सांगणार नाही. छबूबाईला विचार. नळावर दोघींचं काय बोलणं झालं, तेही विचार.

माझं वाचन जोरात चालू आहे. चोवीस जानेवारीच्या पहिल्या खेळाला आम्ही सहा जणी जाणार आहोत. राजेश्वरीच्या मावसभावानं तिकिटांचं कबूल केलंय. पत्र्या जगतो का मरतो, हे दोन वर्षं डोक्यात घेऊन हिंडतेय मी. बघून आले की तुला सविस्तर लिहीन, म्हणजे तुझी आई जुळवायला वेळ मिळेल.

मावशीला नमस्कार सांग आणि तिचं काय ते उलटटपाली कळव. लोभ होता तसाच असू द्यावा.

तुझी
शुभांगी


सोनई
१७ डिसेंबर १९९१

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं खरं निघालं. छबूबाईला विचारलं आणि दुकानात येऊन एक मोटार उलटी गुंडाळली.

अगं, नळावर त्या बाई म्हणाल्या, आय कॅम्प आहे, नावं द्या. डोळ्यांचा शब्द आधी निघालाच नाही. आजवर त्या बाई येतात त्या कशाला, तर बाळंतपणाचं, लसीचं, कुटुंब नियोजनाच्या शिबिराचं सांगायला. मावशीला वाटलं, हाही आयांचाच कॅम्प आहे, लेकरंबाळं झालेल्या बायांचा. छबूबाई म्हणाली, चल, नाव दे, तर ही तिला हळूच बोलली की मी कुनाची आय हाय? मला कशाला घेतील ते? आणि हंडा उचलून निघाली. छबूबाईला वाटलं, थट्टा करतेय.

आणि वर मी घरी येऊन तिला विचारतो काय, तर आय कॅम्पला नाव का दिलं नाहीस!

दोन वर्षं मी गावाला या एका शब्दावर रडवतोय शुभे, आणि माझ्या घरात तोच शब्द तिला असा टोचत होता. घरी गेलो, तिला समोर बसवलं आणि सांगितलं की इंग्रजीत आय म्हणजे डोळा. डोळ्यांचा कॅम्प आहे, तुझ्यासारख्यांसाठीच आहे. आधी तिला खरं वाटेना. मग हसायला लागली ती ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, इंग्रजांना शब्द कमी पडले व्हय? मग मी तुझंही सांगून टाकलं, की मी सुद्धा आयच. तेव्हा मात्र हसली नाही. बराच वेळ तोंडातल्या तोंडात तो शब्द घोळवत होती.

मला वाटलं, आता मिटलं. मी नाव द्यायला निघालो तर म्हणाली, राहू दे, पुढच्या साली बघू. खोदून विचारलं तेव्हा कळलं. बायांच्या खोलीत प्रत्येकीसोबत घरचं एक बाईमाणूस राहायला लागतं, असा नियम आहे. ऑपरेशन चोवीस जानेवारीला आणि पुढं तीन दिवस पट्टी. छबूबाईची सून तिच्यासोबत आहे, दगडाबाईची लेक आहे. आपल्या घरात बाईमाणूस तू एकटी. मी म्हणालो, शुभांगीला बोलावतो, तर अंगावर आली. पोरीचा अभ्यास, पोरीचा पिक्चर, तिला यातलं अक्षर लिहायचं नाही, अशी शपथ घातली. वर म्हणते, आली तरी कागदावर भाचीच लिहिणार ना, भाची घरची धरतात का?

शपथ मोडून लिहितोय. केंद्रातल्या बाई म्हणतात, आता काढला नाही तर पुढच्या वर्षी मोतीबिंदू जास्त पिकून डोळा जायची भीती आहे. तारीख तुझ्या पत्र्याचीच आहे, हे मला दिसतंय. तुला ये म्हणत नाही, येऊ नकोसही म्हणवत नाही. नाव द्यायला हा महिना आहे. काय ते लवकर लिही.

लोभ असावा, आणि रागावू नये.

तुझा
भीमराज


पुणे
२१ डिसेंबर १९९१

ती. आय,
तुझी लेक शुभांगी हिचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र दादा तुला वाचून दाखवतोय. वरची ओळ वाचताना तो अडखळला असेल तर त्याला सांग की लिहिणारीनं चूक केलेली नाही. मीही लिहिताना थांबले होते. हा शब्द फोटोसाठी ठेवलेला आहे असंच लहानपणापासून वाटत आलं. पण शाळेत जाताना माझी वेणी फोटोनं घातली नाही. मला गोवर निघाला तेव्हा कडुनिंबाचा पाला फोटोनं आणला नाही. आधीच म्हणायला हवं होतं गं. आता म्हणतेय.

तर आय, तू आय कॅम्पला नाव द्यायचंस. तुझ्यासोबत घरचं बाईमाणूस म्हणून मी राहणार. तेवीस जानेवारीला पुण्याहून नगर आणि तिथून श्रीरामपूरची एसटी धरीन. दादानं तुला स्टँडवर आणून सोडायचं आणि गुमान दुकानावर परत जायचं, त्याचं तिथं काही काम नाही.

दादाला शपथ घातलीस म्हणून मी तुझ्यावर रागावले आहे. अभ्यास मी पट्टीशेजारी बसून करीन. पिक्चरचं म्हणशील तर माझं तिकीट मी होस्टेलातल्या दुसऱ्या मुलीला देऊन टाकलं. खोटं कशाला सांगू, देताना जिवावर आलं. पण पत्र्या काय किंवा जांभळी काय, त्यांना परत परत यायची सवयच आहे. आज नाही तर चार महिन्यांनी आसारामभाऊंच्या सेंटरात येईल. तुझा डोळा गेला तर तो कुठल्या भागात परत यायचा?

आणखी एक. पत्र्या तिसऱ्या भागात जगला का मेला, हे राजेश्वरीनं मला सांगायचं नाही असं ठरवलंय. ते आपण दोघी मिळून बघू. तू पुढं बसायचं नाहीस, माझ्याशेजारी मागं बसायचं आणि तिथून मला सांगायचं, दिवा लागला का विझला.

येताना माझ्यासाठी लाडू आण, पण डब्याला कुलूप लाव. तुझा लोभ मी कधी मागितला नाही, न मागता मिळत राहिला, तसाच मिळत राहो.

तुझी लेक
शुभांगी


सोनई
३ मे १९९२

चि. शुभांगीस,

(आय सांगते आहे, मी लिहितो आहे. तिच्या तोंडचा एक शब्द बदलला तर भाकरी मिळणार नाही, अशी तंबी आहे. भीमराज.)

तुला माजा लई लई आशीर्वाद आनि जयभीम. तू परवा गेलीस तवापासून घर सुनं सुनं लागतंय. चष्मा चांगला हाय. जाड हाय, नाकाला रुततो, पन समदं सोच्छ दिसतं. तुजी वेनी वाकडी पडती हे बी दिसलं. त्या टायमाला बोलले न्हाई, गर्दी हुती.

कॅम्पातलं अजून ध्यानात येतं. पट्टी बांधलेली, समदा अंधार, आनि सिस्टरबाईनं इचारलं, ही मुलगी तुमची कोन. म्या भाची म्हनायला तोंड उघडलं तर तू आदीच बोललीस, लेक. सिस्टरबाईनं लिवलं आनि पुढच्या खाटंकडं गेली. तिला काय त्याचं? पन म्या पट्टीखाली रडले. डोळ्यातून पानी काडायचं न्हाई असं डाक्टरनं बजावलं हुतं, म्हून तुला सांगितलं न्हाई. आज सांगते.

आता पत्र्याचं. तू पहिल्या खेळाला हुतीस. दुसऱ्या दिवशी तू यष्टीत बसलीस आनि आमी परत गेलो, छबूबाईला दावायला. पत्र्या जगला ते बरं झालं. पन भीमराज पहिल्या खेळाला कसा कावराबावरा झाल्ता, तू पायलंस. समद्या पिच्चरमदी आय कुटंच न्हाई! आता दुसऱ्या खेळाला शेवटी पत्र्या इमानाच्या दारात उभा राह्यला, मागं वळला, आनि हा गप झाला. छडी खाली केली आनि टीव्हीचा आवाजच मोटा केला. पत्र्या म्हनला, आय. पुढचं इंग्रजी हुतं, ते कळलं न्हाई. लोक वरडाया लागले. आप्पासाहेब म्हातारा म्हनला, आरं भीमराज, तीन पिच्चर झाले, त्याला आय सापडली का न्हाई ते सांग.

भीमराज आसारामकडं बघाया लागला. मग म्याच उठले. म्या म्हनलं, आय सापडत नसती, तिला आय म्हनावं लागतं. म्हनलं की ती हुती. मग आसाराम म्हनला, आक्काबाई, पुढच्या पिच्चरला तुमीच सांगा. भीमराज तवापासून माज्यावर रुसलाय, पन ह्ये बी त्यालाच लिवायला लावलंय.

जांभळीचा बी पयला भाग पायला. चांगली हाय गं, कामाची बाई हाय. पन झगा मातर धुतं कोन ते तू इचारून ठेव.

तू म्हनली हुतीस, इंग्रजीत आय म्हंजे मी. डोळा बी आयच. म्या लई इचार केला. इंग्रजांना शब्द कमी पडले न्हाईत, त्यांनी एकातच भागवलं. मागं गावात साक्षरतेचा वर्ग निघाला हुता, तितं म्या पयला शिकले तो आ, माज्या आक्काबाई नावाचा. तवा दिसायचं न्हाई म्हून वर्ग सोडला. आता चष्मा लावून तुजं त्ये पत्र काडते. समदं वाचता येत न्हाई. वरचा शब्द येतो. रोज वाचते.

अभ्यास कर. हिकडची काळजी करू नगंस. लोभ मागू नगंस, तो तुजाच हाय.

(यापुढचं तिनं स्वतः लिहिलं आहे. मी हात धरलेला नाही. भीमराज.)

सुबांगी
सुटिला ये

तुजी
आय